पडत्या डब्यातलं अवकाश: पाणी आणि ज्योत वजनाविना कशी वागते ते कोल्हापुरात बसून कसं बघायचं

२०२५ च्या जुलैत शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर होते, तेव्हा आमच्या घरात रोज रात्री जेवताना तोच विषय असायचा. माझी पुतणी सई आठवीत आहे. एके रात्री तिनं विचारलं, "काका, तिथं पाणी भांड्यात राहत नाही म्हणे. का वो?" मी म्हटलं, "तिथं गुरुत्वाकर्षण नाही ना." ती लगेच म्हणाली, "मग ते स्थानक पृथ्वीभोवती फिरतंय कशाला? सुटून निघून जाईल की!"

पोरीचं बरोबर होतं. मी सव्वीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ चालवतोय. लेथवर कापायला लावलेला तुकडा, म्हणजे जॉब, गोल फिरतो तो त्याला कुणीतरी धरून ठेवलेलं असतं म्हणून. त्याला धरणारा चक सुटला की जॉब सरळ उडतो. स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर आहे आणि तिथंही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या सुमारे ८९ टक्के असते. तेवढ्या उंचीचा मनोरा बांधून त्यावर ७० किलोचा माणूस उभा केला, तर काटा ६२ किलोच्या आसपास दाखवेल. स्थानकात वजन लागत नाही, कारण ते सतत पडत असतं. त्याचा आडवा वेग ताशी सुमारे २८,००० किलोमीटर असतो. ते जेवढं खाली पडतं तेवढीच पृथ्वीची गोलाई त्याच्याखालून वळत जाते, त्यामुळे जमीन काही लागत नाही. भांडं, पाणी, माणूस सगळं एकाच चालीनं पडतं, म्हणून कुणी कुणावर दाबत नाही.

म्हणजे पडणारी कुठलीही वस्तू, ती पडत असेपर्यंत, अवकाशच असते. हे कळल्यावर मी आणि सईनं कारखान्यात एक डबा केला. तो कसा करायचा आणि त्यात काय काय बघायचं, ते इथं सांगतो. लागणारं बहुतेक सामान घरातलंच आहे.

आधी बाटली

डब्याच्या आधी पाच मिनिटांचा एक प्रयोग करा. प्लास्टिकच्या बाटलीला तळापासून दोन बोटं वर गरम दाभणानं भोक पाडा. बोटानं भोक दाबून बाटली भरा, झाकण लावू नका. बोट काढलं की धार सुटते. आता तशीच धार चालू असताना, हात न हिसडता, बाटली गच्चीवरून किंवा जिन्यावरून सोडून द्या. खाली कुणी नाही ना, ते आधी बघा. दुसऱ्या माणसानं बाजूला उभं राहून मोबाईलवर स्लो मोशन घ्यायचं. बाटली हातातून सुटली की धार थांबते. बाटलीत पाणी आहे, भोक उघडं आहे, तरी धार नाही. वरचं पाणी खालच्या पाण्याला दाबतं म्हणून धार येते, आणि पडताना तो दाबच उरत नाही. सईनं हे सात वेळा केलं. पुढचं सगळं याच एका गोष्टीतून निघतं.

डबा

मोबाईल आतच ठेवायचा, म्हणजे तोही पाण्याबरोबर पडतो आणि चित्र स्थिर येतं. डबा मी सहा मिलिमीटर प्लायचा केला: वीस सेंटिमीटर रुंद, पंचवीस लांब, तीस उंच. एका बाजूला फोममध्ये खाचून मोबाईल, समोर रबरबँडनं बांधलेली परीक्षानळी, तिच्यामागं पांढरा कागद, कडेला छोटी एलईडी बॅटरी. मोबाईल सेकंदाला २४० चौकटींच्या (फ्रेमच्या) स्लो मोशनवर ठेवा.

आता उंचीचा हिशेब. सव्वा मीटर पडायला अर्धा सेकंद लागतो, तीन मीटरला पाऊण सेकंदापेक्षा किंचित जास्त, पाच मीटरला एक सेकंद. वेळ दुप्पट हवी तर उंची चौपट लागते, म्हणून उंचीच्या मागं लागू नका. जर्मनीत ब्रेमेनच्या मनोऱ्यात ११० मीटर पडून ४.७४ सेकंद मिळतात. अमेरिकेत क्लीव्हलंडला नासाची १३२ मीटरची विहीर आहे, तिथं ५.१८ सेकंद. आमच्या शेडमध्ये छताच्या कैचीला साखळीचा पुली ब्लॉक आहे. तिथून खालच्या पोत्यांपर्यंत बरोबर तीन मीटर मिळाले, म्हणजे साधारण १८७ चौकटी. एवढ्यात पुष्कळ दिसतं.

पहिल्या सोमवारी, आमचा कारखाना बंद असतो तेव्हा, आम्ही हा डबा नुसताच सोडला. चित्रात पाणी आधी नीट वागलं आणि नंतर पुन्हा खाली बसायला लागलं. सई म्हणाली, "काका, यात अजून थोडं वजन हाय की." खरंच होतं. खाली येताना हवा डब्याला अडवते. वेग वाढेल तशी ती अडवणूक वाढते, आणि डबा जेवढा अडतो तेवढं आतल्या पाण्याला पुन्हा वजन येतं.

याला उपाय म्हणजे डब्याबाहेर आणखी एक खोकं. हवेचा मार बाहेरच्या खोक्यानं खायचा आणि आतल्या डब्यानं त्याच्या पोकळीत मोकळं पडायचं. क्लीव्हलंडलाच २४ मीटरचा दुसरा मनोरा आहे, २.२ सेकंदांचा, तिथंही हीच पद्धत आहे. बाहेरचं खोकं जाड पुठ्ठ्याचं घ्या, बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर मोकळं. आतल्या डब्याच्या खाली किमान दहा सेंटिमीटर मोकळी जागा पाहिजे आणि तळाला फोम. खोक्याच्या तळाला लोखंडी पट्टी बसवा. आमचं खोकं सगळं मिळून तीन किलो भरलं. पट्टीशिवाय सोडलं तेव्हा खोकं हवेत एवढं मागं राहिलं की आतला डबा मधेच तळाला टेकला आणि ती फेरी वाया गेली.

सगळ्यात महत्त्वाचं टांगणं आहे, इथं घाई करू नका. आतला डबा आणि खोकं एकमेकांना बांधायचं नाही. खोक्याच्या झाकणाला मधोमध बोटभर भोक पाडा. त्यातून सुती दोरी सैल सोडा आणि तिच्या खालच्या टोकाला आतला डबा बांधा. झाकणाच्या लगेच खाली दोरीला एक आडवी काडी बांधा, आम्ही सायकलच्या स्पोकचा तुकडा घेतला. झाकण त्या काडीवर टेकून राहतं, म्हणजे खोकं काडीवर टांगलेलं आणि डबा दोरीवर. वर दोरी सुटली की डबा, काडी आणि दोरी एकत्र खाली निघतात. खोकं हवेमुळे मागं राहतं आणि दोरी भोकातून अलगद सरकते. दोरी झाकणाला गाठ मारून बांधली तर मधेच ताण बसून डब्याला हिसका लागतो.

दोरी हातानं सोडू नका, डबा तिरका जातो. डबा झुलायचा पूर्ण थांबू द्या आणि मग दोरी काडेपेटीनं जाळा. जळून तुटते तेव्हा धक्का लागत नाही. खाली झेलायला दोन मोठी पोती सुक्या चिपाडानं भरून ठेवा. गुऱ्हाळावर मागितली की चिपाडं मिळतात, आणि त्यांच्यासारखी लवचीक गादी फोमचीही होत नाही. पावसाळ्यात ती ओली होऊन दबतात, तेवढं सांभाळा. पहिल्या दोन-तीन फेऱ्या मोबाईलऐवजी तेवढ्याच वजनाचं लाकूड ठेवून घ्या.

पाणी वर चढतं

परीक्षानळी साधारण अडीच सेंटिमीटर व्यासाची, काचेची, अर्धी भरलेली, बूच लावलेली. पाण्यात खायच्या रंगाचे दोन थेंब. नळी साबणानं धुऊन इतकी खळबळून घ्या की साबणाचा अंश राहता कामा नये.

डबा सुटायच्या आधीच्या चौकटीत पाणी सपाट असतं, काचेला लागून कडेनं जेमतेम वर वळलेलं. सुटल्यावर पहिल्या तीस-चाळीस चौकटींत कडा काचेवरून वर धावते आणि मधला भाग खाली खचतो. बघता बघता सपाट पाण्याची खोल वाटी होते. मग ती वाटी थोडी वर-खाली हेलकावते, आणि पोत्यावर आदळलं की सगळं खळकन खाली. सई पहिल्यांदा ते बघून मोबाईल घेऊन गल्लीत पळाली, शेजारच्या वेल्डिंगवाल्याला दाखवायला.

पाण्याच्या कणांना एकमेकांची ओढ असते, तशी स्वच्छ काचेचीही असते. ही ओढ जमिनीवरही असतेच, पण तिथं वजन तिच्यावर मात करतं. जमिनीवर या ओढीचं, म्हणजे पृष्ठताणाचं, राज्य पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास संपतं, म्हणून आपल्याला ते थेंबात आणि केसासारख्या बारीक नळीत तेवढं दिसतं. वजन गेलं की हेच राज्य भांडंभर पसरतं.

मग दुसरी नळी घ्या, तिला आतून मेण लावा. मेणबत्ती वितळवून नळीत ओता, फिरवा आणि उलटी करा. आता डबा सोडलात तर पाणी कडेनं चढत नाही, उलट मधे किंचित फुगून येतं. भांडं तेच, पाणी तेच, फक्त कातडी बदलली. मला स्वतःला या जोडीचं चित्र सगळ्यात आवडतं.

याच बाबतीत आम्ही पंधरा दिवस घालवले. एका दुकानातून काचेची म्हणून आणलेली चौकोनी नळी प्रत्यक्षात अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे काचेसारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकची निघाली. तिच्या कोपऱ्यातून पाणी चढेचना. मी दोरी बदलली, उंची बदलली, पाणी उकळून गार करून घेतलं. शेवटी नळीवर नख मारलं तेव्हा आवाजावरून कळलं. काच आणि अ‍ॅक्रिलिक डोळ्याला सारखं दिसतं, पाण्याला मात्र ते पक्कं कळतं. चौकोनी काचेची कुपी पाहिजे असेल तर अत्तराच्या दुकानात जा, रिकामी मिळते. धुतलेल्या कुपीत पाणी चारही कोपऱ्यांतून बोटासारखं वर सरकतं, भिंतीच्या मधल्या भागापेक्षा कितीतरी पुढं. कोपऱ्याचा अर्धा कोन आणि पाणी काचेला ज्या कोनात भेटतं तो कोन, या दोघांची बेरीज ९० अंशांपेक्षा कमी झाली की पाणी कोपऱ्यातून चढत राहतं. चौकोनाचा अर्धा कोन ४५, म्हणून स्वच्छ काचेवर जमतं आणि अ‍ॅक्रिलिकवर जमत नाही.

हा कोपरा वर अवकाशात फार कामाचा आहे. अंतराळवीर डॉन पेटिट यांनी २००८ मध्ये स्थानकावर प्लास्टिकचा कागद दुमडून टोकदार कोपऱ्याचा कप केला. कॉफी त्या कोपऱ्यातून आपण होऊन ओठापर्यंत येते. उपग्रहाच्या इंधनटाकीचंही तसंच. मी रोज कूलंटच्या, म्हणजे जॉब गार ठेवणाऱ्या द्रवाच्या पंपाशी खेळतो. ट्रेमधलं कूलंट आपसूक टाकीच्या तळाशी जमतं आणि पंप तिथून उचलतो. वर तळच नाही, मग इंधन बाहेर पडायच्या तोंडाशी नेमकं कसं येणार? म्हणून काही टाक्यांत पातळ पत्र्याची पाती बसवतात. इंधन पृष्ठताणानं पात्यांच्या कडेनं चालत तोंडाशी येतं. मोठ्या रॉकेटचं इंजिन वर पुन्हा पेटवायचं असेल तर आधी छोट्या मोटारीनं जरासा रेटा देतात, म्हणजे इंधन टाकीच्या एका टोकाला बसतं.

पाण्याचं हे चिकटणं जिवावरही आलेलं आहे. १६ जुलै २०१३ ला इटलीचे लुका परमितानो स्थानकाबाहेर काम करत असताना त्यांच्या शिरस्त्राणात पाणी शिरलं. सूटमधलं पाणी आणि हवा वेगळं करणारं यंत्र तुंबलं होतं. जमिनीवर ते पाणी गळ्याकडं ओघळलं असतं. तिथं ते डोक्यामागून सरकत डोळ्यांवर, कानांवर आणि नाकावर पसरलं. लिटरभराहून जास्त पाणी होतं. डोळ्यांपुढं पाणी असताना ते सुरक्षादोरीच्या आधारानं चाचपडत परत आले. सईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ त्या परीक्षानळीकडं बघत बसली होती.

ज्योत गोल होते

हा प्रयोग मोठ्या माणसानंच करायचा, आणि बाजूला पाण्याची बादली असल्याशिवाय नाही. तीन लिटरची पारदर्शक प्लास्टिकची बरणी घ्या, काचेची नको. झाकणाच्या आतल्या बाजूला वाढदिवसाची छोटी मेणबत्ती घट्ट बसवा आणि ती पेटवून बरणी वरून उलटी ठेवून फिरवून बंद करा. हवा बाहेरून लागता कामा नये. बरणी बंद झाल्यावर आतला प्राणवायू झपाट्यानं संपतो, म्हणून सगळं आधी टांगून तयार ठेवा आणि बरणी शेवटी ठेवा. इथं एलईडी बॅटरी बंद करा, मोबाईलचा फोकस आणि उजेड ज्योतीवर लॉक करा, नाहीतर मोबाईल स्वतःच उजेड वाढवून तुम्हाला फसवतो. पहिल्या खेपेला आमचं तेच झालं. दुसऱ्या खेपेला सई म्हणाली, "थांबा वो काका, मी धरतो बादली, तुम्ही दोरी जाळा."

डबा सुटला की उंच पिवळी ज्योत आखूड होते, वातीभोवती गोलसर होते आणि एकदम मंदावते. पिवळेपणा जातो आणि कडेला निळसर झाक दिसते. पोत्यावर आदळली की बहुतेक वेळा विझतेच.

ज्योत उभी असते ती गार हवेमुळे. गरम हवा हलकी, आजूबाजूची गार हवा जड. जड हवा खाली घुसते आणि हलकीला वर ढकलते. त्या वाऱ्यानं ज्योत निमुळती होते आणि तिला सतत नवा प्राणवायू मिळतो. वजन नसलं की जड-हलकं असा भेदच उरत नाही, मग गरम हवा वर जाणार कशी आणि का? ज्योतीला प्राणवायू मिळतो तो फक्त हळूहळू झिरपून, सगळ्या बाजूंनी सारखा. म्हणून ती गोल. १९९२ मध्ये अमेरिकेच्या शटलवर आणि १९९६ मध्ये रशियाच्या मीर स्थानकावर खऱ्याखुऱ्या मेणबत्त्या पेटवून हे तपासलेलं आहे.

माणसाच्या श्वासालाही हेच लागू आहे. स्थानकात झोपलेल्या माणसाच्या तोंडासमोर त्यानंच सोडलेली हवा साचून राहू शकते, म्हणून झोपायच्या जागेत पंख्याची झुळूक चालूच ठेवतात. धूर छताला जात नाही, म्हणून धूर ओळखणारी यंत्रं हवा ओढणाऱ्या वाटेत बसवतात. यंत्रांची उष्णता पाण्यात आणि मग अमोनियात घेऊन बाहेरच्या मोठ्या पट्ट्यांमधून किरणांच्या रूपानं फेकतात, कारण बाहेर निर्वात आहे, हवा नाहीच.

उकळणं मात्र या डब्यात बघायला जाऊ नका. गरम पाण्याचा रंगीत लोट सोडून तो थांबतो का, हेही नको. लोट आधीच्या वेगानं पुढं सरकत राहतो आणि पाऊण सेकंदात काहीच ठरवता येत नाही. आम्ही चार सोमवार घालवून तो नाद सोडला. उकळण्यासाठी गुऱ्हाळावर जाऊन काहिलीशेजारी उभं राहा. रस तापला की तळाला वाफेचे बुडबुडे होतात, सुटून वर येतात, खालचा रस वर, वरचा खाली असं अखंड चालतं. मळी वर तरंगते आणि गुळव्या ती काढून टाकतो. आता यातलं 'वर' काढून टाका. बुडबुडा तळालाच चिकटून मोठा होतो, शेजारचे त्यात मिसळतात. तापलेल्या तळावर रसाऐवजी वाफेची गादी बसते आणि तिथला पत्रा भलताच तापतो. मळी रसात कुठंही राहते. म्हणून वर उष्णता वाहून न्यायची तर पंपानं द्रव ढकलावाच लागतो.

न पाडता एक प्रयोग

वजन गेलं तरी उष्णतेमुळे होणारी एक हालचाल उरते, आणि ती चुलीवर दिसते. सपाट बुडाच्या स्टीलच्या ताटलीत दीड-दोन मिलिमीटर तेल घ्या, त्याहून जास्त नको. सिलिकॉन तेल मिळालं तर उत्तम, नाहीतर रिफाइंड तेल. त्यात रंगाच्या दुकानातली चिमूटभर मोतिया चमकीची पूड मिसळा. ताटली तव्यावर ठेवून अगदी मंद आच द्या आणि धूर यायच्या आधी बंद करा. मिनिटाभरात पृष्ठभागावर मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं उमटतात. प्रत्येक घरात तेल मधून वर येतं आणि कडेनं खाली जातं.

एवढ्या पातळ थरात हे मुख्यतः पृष्ठताण करतो. गरम जागी पृष्ठभागाची ओढ कमी, गार जागी जास्त. गारठलेली कड गरम मध्याला स्वतःकडं ओढते आणि रिकाम्या जागी खालून तेल येतं. यात वर-खालीचा काही संबंध नाही, म्हणून कक्षेतही हे चालतं. १९७१ मध्ये अपोलो १४ नं आणि १९७२ मध्ये अपोलो १७ नं चंद्राच्या प्रवासात हाच प्रयोग केला, तेलाचा पातळ थर तापवून, आणि तिथंही घरं दिसली. पाण्यावर हे बघायला जाल तर बहुतेक फसेल. पाण्याच्या पृष्ठभागावर हाताचा तेलकटपणा किंवा साबणाचा कण पडला तरी ही ओढ मरते.

प्रत्येक फेरीला चिठ्ठी करून डब्यातच मोबाईलसमोर लावा: तारीख, उंची, नळी कुठली, पाणी किती. आमच्याकडं एकशे चाळीस फेऱ्या झाल्यात, आणि चिठ्ठी नसलेल्या पहिल्या अकरा आता कुठल्या नळीच्या ते ओळखता येत नाहीत. सई सध्या पाण्याऐवजी म्हशीचं दूध भरून बघतेय. दुधाची वाटी पाण्याएवढी खोल होते का, याचं तिचं मोजमाप चालू आहे, आणि त्यासाठी रोज सकाळी गंगावेशीतून ताजं दूध आणायचं काम माझ्याकडं आहे.